मुळा-मुठेच्या गाळातील जड धातू: पार्श्वभूमी म्हणून ‘सरासरी शेल’ धरावा का?

मुठाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मुळा-मुठेच्या तळाशी साचलेल्या गाळातील जड धातूंचे मूल्यमापन हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. खडकवासला धरणाच्या खालच्या अंगापासून विठ्ठलवाडी, संगम, बंडगार्डनचा बंधारा असे करत मुंढव्यापर्यंतचे नमुने मी पावसाळा सरल्यावर घेतले. प्रत्येक ठिकाणी वरचा पाच सेंटिमीटरचा थर घेऊन तो वाळवला, चाळला, अम्लराजात (हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवला आणि तांबे, निकेल, क्रोमियम, जस्त, शिसे, कॅडमियम व लोह यांचे प्रमाण मोजून घेतले. पुढचे गणित बहुतेक शोधनिबंधांत असते तसेच केले: म्युलर यांचा भू-संचय निर्देशांक, लोहाच्या आधारे समृद्धी घटक (नमुन्यातील धातू भागिले लोह हे गुणोत्तर पार्श्वभूमीतील त्याच गुणोत्तराने भागून), प्रदूषण भार निर्देशांक आणि हाकान्सन यांचा परिसंस्था-जोखीम निर्देशांक. पार्श्वभूमी मूल्ये, म्हणजे प्रदूषण नसतानाचे नैसर्गिक प्रमाण, ट्युरेकियन आणि वेडेपोल यांच्या १९६१ च्या तक्त्यातील ‘सरासरी शेल’ या चिखलापासून बनलेल्या खडकाची घेतली, कारण मी वाचलेल्या जवळपास प्रत्येक निबंधात तीच घेतलेली दिसतात.

उत्तरे मात्र पटण्याजोगी येत नाहीत. शहराचे सांडपाणी जिथे अजून नदीला मिळालेले नाही, त्या सर्वांत वरच्या ठिकाणीही तांब्याचा निर्देशांक शून्याच्या वर येतो आणि प्रदूषण भार एकापेक्षा जास्त निघतो. निकेल तर गोड्या पाण्यातील गाळासाठी वापरली जाणारी ‘संभाव्य परिणाम पातळी’ (जिच्या वर जलचरांना अपाय होण्याची शक्यता असते ती) म्हणजे किलोमागे ४८.६ मिलिग्रॅमची मर्यादा सगळीकडे ओलांडते. याउलट संगमापासून खाली शिसे वाढलेले असेल अशी माझी खात्री होती, पण त्याचा समृद्धी घटक जेमतेम एकाच्या आसपास राहतो. शहरातून वाहणाऱ्या नदीत तांबे सर्वत्र आणि शिसे कुठेच नाही, हे चित्र मला उलटे वाटते. प्रत्यक्ष आकडे इथे मांडण्याची परवानगी अद्याप मिळालेली नाही, त्याबद्दल क्षमस्व. शेलची मूल्ये इथे लागू पडतात का, लोहाचा आधार योग्य आहे का आणि नुसत्या अम्लराजावर भिस्त ठेवावी का, या तीन बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जोत्याचा दगड (उत्तर)

तुमची शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर तुम्ही वापरलेल्या तक्त्यातच आहे. १९६१ च्या त्या तक्त्यात शेलच्या स्तंभाशेजारी बेसाल्टचाही स्तंभ आहे, पण तिकडे कोणी सहसा पाहत नाही. शेलमध्ये तांबे किलोमागे ४५ मिलिग्रॅम, निकेल ६८, क्रोमियम ९०, जस्त ९५ आणि शिसे २० दिले आहे. बेसाल्टमध्ये हेच आकडे अनुक्रमे ८७, १३०, १७०, १०५ आणि ६ असे आहेत. तुमच्या नदीचे पाणलोट क्षेत्र सह्याद्रीच्या माथ्यापासून पुण्यापर्यंत सगळेच्या सगळे दख्खनच्या बेसाल्टवर आहे, त्यामुळे नदी जो गाळ आणते तो मुळात या काळ्या दगडाचाच चुरा असतो.

गंमत म्हणून एक हिशेब करून पाहा. त्या तक्त्यातला सरासरी बेसाल्ट घ्या, खलबत्त्यात कुटा आणि त्या भुकटीला नदीचा नमुना समजून वरचे पाच धातू शेलशी ताडून पाहा. प्रदूषण भार निर्देशांक म्हणजे प्रत्येक धातूच्या ‘नमुना भागिले पार्श्वभूमी’ या गुणोत्तरांचा गुणाकार करून काढलेले पाचवे मूळ. तो १.१८ येतो. म्हणजे मानवाचा हातही न लागलेला दगड ‘प्रदूषित’ ठरतो, आणि त्यातील निकेल व क्रोमियम तुम्ही सांगितलेली संभाव्य परिणाम पातळी (निकेलची ४८.६, क्रोमियमची १११) आरामात ओलांडतात. या पातळ्या मॅकडॉनल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली मुख्यतः उत्तर अमेरिकेतील माहितीवरून बसवल्या. त्या तिथे उपयोगी आहेत, पण आपल्या दगडाला त्यांची ओळख नाही.

आता शिशाकडे वळू, कारण तुमची खरी हानी तिथे होते आहे. केवळ उदाहरणादाखल, एका कल्पित नमुन्यात तांबे १२८, शिसे ४०, लोह ८.४ टक्के आणि ॲल्युमिनियम ७.२ टक्के आहे असे धरू. म्युलर यांचा निर्देशांक म्हणजे मोजलेले प्रमाण पार्श्वभूमीच्या दीडपटीने भागून त्याचा दोन या पायाचा लॉगॅरिदम. ही दीडपट त्यांनी खडकातील नैसर्गिक चढउतारासाठीच सोडलेली जागा आहे, पण ती शेल आणि बेसाल्ट यांच्यातील दुप्पट अंतर झाकू शकत नाही. शेल धरल्यास तांब्याचा निर्देशांक ०.९२ आणि शिशाचा ०.४२ येतो, म्हणजे दोन्ही एकाच वर्गात बसतात. बेसाल्ट धरल्यास तांबे उणे ०.०३ वर उतरते, म्हणजे निर्दोष ठरते, आणि शिसे २.१५ वर जाऊन थेट दोन वर्ग वर चढते. नमुना तोच आणि प्रयोगशाळाही तीच, पण ज्याच्यावर आळ होता तो सुटला आणि जो साळसूदपणे बसला होता तो पकडला गेला. जस्ताला मात्र या बदलाचा फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही स्तंभांत त्याचे प्रमाण जवळपास सारखेच आहे.

लोहाच्या आधारामुळे हा घोळ आणखी वाढतो. बेसाल्टमध्ये लोह शेलच्या जवळजवळ दुप्पट आहे (८.६५ टक्के विरुद्ध ४.७२). नमुन्यातील भरपूर लोहाने भागायचे आणि तुलना शेलच्या कमी लोहाशी करायची, म्हणजे प्रत्येक धातूचा समृद्धी घटक दाबला जातो. वरच्याच नमुन्यात शेल आणि लोह धरून शिशाचा घटक १.१२ येतो, शेल आणि ॲल्युमिनियम धरून २.२२, आणि बेसाल्ट व ॲल्युमिनियम धरून ७.२२. तुमचा ‘जेमतेम एक’ इथूनच आला असावा. शिवाय आपल्या नद्यांच्या वळणांवर टायटॅनोमॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजाची काळी, जड वाळू गोळा होते. तिच्या थरावर नमुना घेतला तर लोह उसळते आणि बाकीचे सगळे धातू आपोआप ‘स्वच्छ’ दिसू लागतात. बंधाऱ्यामागच्या प्राणवायूविरहित चिखलातून लोह विरघळून हलते, हा आणखी एक तोटा. ॲल्युमिनियम चिकणमातीच्या कणांशी बांधलेले राहते, म्हणून आधार त्याचा घ्यावा असे माझे मत आहे.

तक्त्यातील बेसाल्टही अखेर जगाची सरासरी आहे. दख्खनचे सगळे लाव्हाप्रवाह एका रसायनाचे नाहीत. त्यांच्या थरांच्या गटांना ‘रचना’ म्हणतात. बुशे रचनेतील प्रवाहांत खंडीय कवचाचा अंश बराच मिसळलेला आहे, तर आंबेनळी रचनेत तो फारच कमी आहे, आणि शिशासारख्या धातूचे मूळ प्रमाण यावर अवलंबून असते. त्यामुळे खरी पार्श्वभूमी तुम्हालाच गोळा करावी लागेल. पानशेतच्या वरची आंबी, वरसगावच्या वरची मोसे आणि मुळेसाठी मुळशीच्या वरचे ओढे, या ठिकाणचा बारीक गाळ हा तुमचा संदर्भ असावा.

नायलॉनची चाळणी (उत्तर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु पार्श्वभूमी बदलण्याआधी एक गोष्ट तपासावी. तुम्ही ‘चाळला’ असे लिहिले आहे. कशाने चाळला?

हे विचारण्याचे कारण माझ्याच अनुभवातले आहे. मी एका प्रयोगशाळेत विश्लेषणाचे काम करत असताना एका वर्षीच्या सर्व नमुन्यांत तांबे आणि जस्त हातात हात घालून वाढलेले दिसले, आणि आम्ही त्याचे श्रेय एका औद्योगिक वसाहतीला देण्याच्या बेतात होतो. शेवटी आम्ल-धुतलेली शुद्ध गारेची वाळू त्याच पद्धतीने चाळून तपासली, तेव्हा त्या वाळूतही तांबे आणि जस्त निघाले. स्थापत्य विभागाकडून उसनी आणलेली चाळणी पितळेची होती! जाळीवरचा तो पिवळा झळाळ रोज डोळ्यांसमोर असूनही कोणाच्या ध्यानात आला नव्हता. तेव्हापासून मी नायलॉनची जाळी वापरते, नमुना प्लास्टिकच्या पळीने उचलते आणि तळाचा गाळ जबड्यात पकडणाऱ्या लोखंडी झडपयंत्राने काढावाच लागला तर धातूला न टेकलेला मधलाच गाळ घेते. प्रत्येक खेपेला एक रिता नमुना (त्या वाळूसारखा, मुळात धातू नसलेला) सोबत चालवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

चाळणीची जाळीही ६३ मायक्रॉनची असावी. धातू प्रामुख्याने बारीक कणांना चिकटतात, म्हणून एका ठिकाणी वाळू आणि दुसऱ्या ठिकाणी चिखल घेतल्यास तुम्ही प्रदूषणाऐवजी कणांचा आकार मोजत बसता. विठ्ठलवाडीजवळ पाणी धावते आणि बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे ते थबकते, म्हणजे सगळा बारीक गाळ बंधाऱ्यामागे बसणार. मूळ गाळ न चाळता मोजला तर बंधारा नेहमीच गुन्हेगार ठरेल.

अम्लराजाविषयी: ते सिलिकेट खनिजांची जाळी पूर्णपणे मोडत नाही. पायरोक्सीन आणि स्पिनेल या खनिजांत अडकलेले क्रोमियम बऱ्याच अंशी मागेच राहते, ॲल्युमिनियमही अर्धवटच येते, आणि तक्त्यातील आकडे मात्र संपूर्ण खडकाचे असतात. अर्धवट विरघळलेल्या नमुन्याची तुलना पूर्ण विरघळलेल्या खडकाशी करणे म्हणजे सोललेल्या शेंगा आणि टरफलासकटच्या शेंगा एकाच तराजूत तोलण्यासारखे आहे. पूर्ण विद्रावणासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. ते त्वचेतून थेट आत शिरते, म्हणून चांगला धूम्रकक्ष, योग्य हातमोजे, जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम आणि ते हाताळण्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती यांपैकी एकही गोष्ट नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. पर्याय असा की अम्लराजच ठेवावे, पण पार्श्वभूमीचे नमुनेही त्याच चाळणीतून, त्याच आम्लात, त्याच भट्टीत चालवावेत. तुलना तेव्हा सरळ होते आणि तक्त्याची गरजच उरत नाही. पूर्ण विद्रावण कराल तर पडताळणीसाठी बीएचव्हीओ-२ हा हवाई बेटांवरील बेसाल्टचा प्रमाणित नमुना आपल्या गाळाच्या जातीचा आहे. त्यात तांबे सुमारे १२७ मिलिग्रॅम प्रति किलो आहे. पाराही मोजायचा असेल तर गाळ ४० अंश सेल्सिअसच्या वर वाळवू नये, तो उडून जातो.

जमल्यास निवडक पाच-सहा नमुन्यांवर युरोपातील बीसीआर पद्धतीचे टप्प्याटप्प्याचे निष्कर्षणही करावे. पहिल्या टप्प्यात प्रति लिटर ०.११ मोल ॲसेटिक आम्लाने सहज सुटणारा अंश निघतो, दुसऱ्यात लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना धरून असलेला, तिसऱ्यात सेंद्रिय पदार्थ व सल्फाइडांशी बांधलेला, आणि उरतो तो खनिजांत कोंडलेला. तुमचे तांबे दगडातूनच आले असेल तर त्याचा मोठा भाग शेवटच्या, उरलेल्या अंशात सापडला पाहिजे. शहरातून आलेले जस्त आणि कॅडमियम पहिल्या टप्प्यातच ठळकपणे उतरतात. निर्देशांकांच्या चार तक्त्यांपेक्षा हा एक पुरावा मला अधिक बोलका वाटतो. यासाठीचा काळा, कुबट वासाचा चिखल हवेत वाळवू नका. सल्फाइडे हवेने बदलतात आणि तिसऱ्या टप्प्यातला धातू पहिल्यात येऊन बसतो. तो डब्यात काठोकाठ भरून थंड ठेवावा.

वैनगंगाकाठ (उत्तर)

पुण्यापुरते वरचे म्हणणे योग्य आहे, पण ‘बेसाल्टची पार्श्वभूमी घ्या’ हे सूत्र महाराष्ट्रभर लागू होईल असे वाचकांनी समजू नये. आमच्याकडे नागपूरच्या आसपास बेसाल्ट संपतो आणि पुढे नीस, ग्रॅनाइट व गोंडवनाचे वालुकाश्म सुरू होतात. एकाच जिल्ह्यातील दोन नद्यांची मूळ माती वेगळी असते. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानवली-वागदे परिसरात क्रोमाइटच आहे, तर गोव्यात मांडवी-झुआरीच्या गाळात लोह आणि मँगनीज खाणींमुळे किती व मूळ खडकामुळे किती, हा वेगळाच वाद आहे. उलट दिशेने पाहिले तर गोदावरी आंध्रात उतरल्यावरही दख्खनची काळी माती सोबत नेते, त्यामुळे बेसाल्टचा ठसा खडक संपल्यावरही संपत नाही.

दुसरे असे की ‘वरच्या अंगाचा गाळ’ म्हणजे आपोआप निर्मळ गाळ नव्हे. नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या बोर्डो मिश्रणातून मोरचूद फवारले जाते. तिथल्या ओढ्याचा गाळ स्थानिक पार्श्वभूमी म्हणून धरला तर शेतीतले तांबे निसर्गाच्या नावावर जमा होईल. आंबी-मोसेच्या खोऱ्यात ही अडचण बहुधा कमी आहे, तरी पाहणी करून नोंद ठेवावी. नदीकाठच्या जुन्या, उंच दरडीतील खोल थर हाही पार्श्वभूमीचा चांगला स्रोत आहे, कारण तो कारखान्यांच्या किती तरी आधीचा असतो. फक्त कुकडीकाठी बोरी किंवा कऱ्हेकाठी मोरगाव इथल्यासारखा ज्वालामुखी राखेचा फिकट पट्टा त्यात आढळला तर तो टाळावा. ती राख दूरच्या, सिलिकायुक्त ज्वालामुखीची आहे आणि बेसाल्टशी तिचे रासायनिक नाते नाही.

मुठाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चाळणी पाहिली. ती सुदैवाने स्टेनलेस स्टीलची आहे. तरी त्या पोलादातल्या क्रोमियम आणि निकेलसाठी रिता नमुना चालवून पाहणार आहे. दिवाळीनंतर आंबी आणि मोसेच्या वरच्या भागात जाण्याचे ठरवले आहे. आणखी दोन शंका आहेत. माझ्याकडे पारा आणि आर्सेनिकचे मोजमाप नाही, तर हाकान्सन यांचा जोखीम निर्देशांक ठेवावा का? आणि पार्श्वभूमीसाठी किती नमुने पुरतील?

जोत्याचा दगड

जोखीम निर्देशांक मी काढून टाकला असता. हाकान्सन यांनी तो १९८० मध्ये स्वीडनमधील तळ्यांच्या अनुभवातून मांडला, आणि त्यात आठ प्रदूषक होते: पीसीबी (क्लोरीनयुक्त कृत्रिम रसायने), पारा, कॅडमियम, आर्सेनिक, शिसे, तांबे, क्रोमियम आणि जस्त. त्यांच्या विषारीपणाच्या गुणांकांची बेरीज १३३ होते, आणि ‘कमी जोखीम’ची १५० ही मर्यादा त्या आठांच्या बेरजेला धरून आहे. तुमच्याकडे त्यांतले पाचच आहेत आणि त्यांच्या गुणांकांची बेरीज फक्त ४३ आहे. पाचांची बेरीज आठांच्या मर्यादेशी ताडली तर जवळपास कोणतीही नदी सुरक्षित दिसेल. निकेल मूळ यादीत नाहीच, त्याचा गुणांक नंतरच्या लेखकांनी जोडला आहे. शिवाय कॅडमियमचा गुणांक ३० असल्याने मोजमापातली लहानशी चूकही मोठी होते. पार्श्वभूमी ०.३ असताना मोजलेले प्रमाण ०.६ अधिक-उणे ०.२ असेल, तर त्या एका धातूची जोखीम ४० पासून ८० पर्यंत कुठेही असू शकते, म्हणजे ‘मध्यम’चा अख्खा वर्ग त्या अनिश्चिततेत मावतो. परीक्षकांनी आग्रहच धरला तर मर्यादा प्रमाणात कमी करून आणि तसे स्पष्ट लिहून तो द्यावा.

शिशाबाबत आणखी एक सुचवावेसे वाटते. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले ते २००० साली, आणि घरगुती रंगांतील शिशावर ९० भाग प्रति दशलक्षची मर्यादा आली ती २०१७ मध्ये. वरचे पाच सेंटिमीटर फक्त अलीकडचा काळ सांगतात, तेही पुराने न खरवडल्यास. पुढे कधी सवड झाली तर नदीपात्राऐवजी एखाद्या शांत जलाशयातला उभा गाळस्तंभ घ्यावा. पात्रातला स्तंभ पुरांनी विस्कटलेला असतो, त्याचे वय शिसे-२१० ने (शिशाच्या किरणोत्सारी समस्थानिकाने) लावणे कठीण जाते.

नायलॉनची चाळणी

पार्श्वभूमीच्या नमुन्यांविषयी माझे मत: दोन्ही नद्यांवर मिळून पंधरा-वीस तरी घ्यावेत, आणि सरासरीऐवजी मध्यक वापरावा. एखादा नमुना काळ्या वाळूचा किंवा एखाद्या वाडीच्या उकिरड्याखालचा निघतोच, आणि तो एकटा सरासरी बिघडवतो. मध्यकापासूनच्या विचलनांचा मध्यक काढून त्याची दुप्पट मूळ मध्यकात मिळवली की वरची सीमा मिळते. तिच्या वरचे आकडे शहराच्या खात्यावर घालायला हरकत नाही, खालच्यांवर अर्थ लादू नये. पावसाळ्यानंतरचे शहरातले नमुने तुमच्याकडे आहेतच. गणेश विसर्जनानंतर लगेच घेतलेले नमुने त्यांत मिसळू नका, मूर्तींच्या रंगांचा प्रश्न वेगळा मांडलेला बरा.

आणि मोसेकाठी जाल तेव्हा पूल व घाटाच्या पायऱ्यांपासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला शंभरेक पावले चालून जा, मगच डबा उघडा. पुलाखालच्या गाळात टायरांच्या झिजेचे जस्त उतरलेले असते.